मदत हवी आहे: कॉलेजसाठी एम१ घ्यावा की एम४?

मंडळी, यंदा कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतलाय आणि ॲपलच्या मॅकबुक एअर लॅपटॉपवर गाडी अडकली आहे (एम१, एम४ ही त्यातल्या चिपची नावं). मामेभाऊ त्याचा २०२० चा एम१ (८ जीबी रॅम, २५६ जीबी) स्वस्तात द्यायला तयार आहे. दुसरा पर्याय २०२५ चा एम४, ज्यात सुरुवातच १६ जीबीपासून होते.

वेगाची मला फारशी काळजी नाही. भावाचा लॅपटॉप दोन दिवस वापरून पाहिला. पायथन, ब्राउझर, नोट्स सगळं झकास चालतं. फॅन दोन्हींत नाही, त्यामुळे लायब्ररीत आवाजाचा प्रश्नच नाही. पोटात गोळा येतो तो रॅममुळे. या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जे घेतलं तेच शेवटपर्यंत. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा आभासी फोन), डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) हे सगळं एकदम उघडलं की ८ जीबीचा जीव किती टिकेल? स्टोरेजचं एक वेळ बाहेरच्या एसएसडीवर भागेल.

भावाच्या एम१ च्या बॅटरीची क्षमता ८३ टक्के दाखवतेय, ती बदलून घेता येईल. वेबकॅम ७२० पी आहे, पण माझा चेहरा कुणाला इतका स्पष्ट बघायचाय!

खरी धास्ती ही की, चार वर्षांच्या मधेच एम१ ला नवीन मॅकओएस (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम) मिळणं थांबलं तर?

८ जीबीच्या एम१ वर कोणी डिग्रीचे प्रोजेक्ट केलेत का? कुठे अडलं, ते सविस्तर सांगा. भावाला रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.