मदत हवी आहे: घरपट्टी बांधकामाऐवजी जागेच्या किमतीवर घ्यावी, हे वॉर्डात कसं मांडू?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो. पुढच्या आठवड्यात घरपट्टीच्या फेरआकारणीवर आमच्या वॉर्डाची बैठक आहे. तिथे बोलायचंय, म्हणून सल्ला हवाय.

आईला जिना चढवत नाही म्हणून मागची पडवी काढून आम्ही चिऱ्याची खोली बांधली. लगेच पट्टी वाढली. आमच्या गडग्याला लागून बारा गुंठ्यांचा प्लॉट आहे. मालक बाहेरचे, दहा वर्षांत दोनदा दिसले. आत घाणेरी माजलीय, पावसाळ्यात तिथली फुरशी आमच्या अंगणात येतात. समोरचा रस्ता नगरपरिषदेचा, नळाची लाईन नगरपरिषदेची, खांबावरचा दिवासुद्धा. प्रत्येक कामागणिक त्या प्लॉटचा भाव चढला आणि त्याची पट्टी आमच्या निम्मीही नाही, कारण वर बांधकाम नाही. गावाच्या पैशानं वाढलेला भाव गावाकडे थोडा तरी परत यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्येच ती मांडली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जमिनीला इमारतीपेक्षा चढा दर कित्येक दशकं होता. २००१ मध्ये तो बंद झाला, कारण वर्षानुवर्षं जुन्याच किमती धरल्या होत्या आणि नव्या आकारणीत जमिनीचे आकडे एकदम फुगले. लोक खवळले. आपल्याकडे रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांचा तक्ता आहे, त्यामुळे किमती इतक्या शिळ्या व्हायचं कारण नाही.

पण रेडी रेकनरवरच माझं घोडं अडलंय. एका विभागाला एकच दर. त्यात सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांमुळे, वीटही रचता येत नाही अशी जागा आणि नाक्यावरची जागा, दोन्ही एकाच मापानं मोजल्या जातील का?

दुसरी अडचण शेजारच्या काकूंची. आठ गुंठे, माड, दोन हापूसची कलमं, हातात पैसा नाही. प्रॉपर्टी कार्डावर एकवीस नावं, त्यातली निम्मी मयत, उरलेले मुंबईत. काकू मला म्हणाल्या, "झाडं विकून पट्टी भरू काय रे?" त्यांना काय उत्तर देऊ? राहत्या घराभोवतीचे काही गुंठे वगळावेत आणि बाकीच्या जागेची पट्टी ती विकताना वसूल करावी, असं मी सुचवणार आहे. कुणाला याहून बरं सुचतंय का?

कायदा जाणणाऱ्यांना एक विचारायचंय. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली मोकळ्या जागेला चढा आणि बांधकामाला उतरता दर नगरपरिषद स्वतःच्या ठरावानं लावू शकते का, की सरकारची मंजुरी लागेल? नगरसेवक पहिल्याच वाक्याला हे विचारतील.

आणि "नवा कर आणताय" असं कुणी ओरडलं, तर एकूण वसुली तेवढीच राहून फक्त वाटणी बदलतेय, हे साध्या शब्दांत कसं सांगावं? शक्यतो आपल्याच एखाद्या आळीतल्या दोन घरांचं उदाहरण देऊन सांगा. बैठक शनिवारी आहे.