परदेश सोडून घरच्यांसाठी परत आलात? अनुभव लिहा

आई-वडिलांच्या आजारपणामुळे तिकडचं बस्तान गुंडाळून परत आलेले आपल्यात बरेच जण आहेत, पण त्यावर सलग कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा. भारत बरा की परदेश हा वाद इथं नको प्लीज. घरी आल्यावर रोजचं काय असतं, पैसे, नोकरी, मुलं, भावंडं, आणि ज्यांच्यासाठी आलात त्यांना खरंच काय लागत होतं ते लिहा. जे आत्ता तिकडे बसून जावं की न जावं करतायत त्यांना उपयोग होईल.

माझ्यापासून सुरुवात करते. मी टोरंटोला होते, आई सांगलीत एकटी, २०१७ पासून पार्किन्सन्स. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि आई चांगली दिसायची, बोलायची, हसायची. इथं आल्यावर कळलं की ती सकाळची गोळी घेऊन तासाभराने मला फोन लावायची, म्हणजे औषध पूर्ण लागू पडलेलं असताना. असर उतरला की तीच आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नुसती उभी, पाय उचलायचेच नाहीत, मागून कुणी घाई केली की अजूनच थिजायची. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या औषधाची, गोळी डाळ-दह्याच्या जेवणाबरोबर घेतली तर प्रोटीन आडवं येतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण एकटं माणूस घड्याळ लावून कुठे जेवतं? आता गोळी आधी, जेवण पाऊण तासाने, गजर माझ्या मोबाईलवर. फिजिओने सांगितल्यावर उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय बरोबर उचलला जातो, डोळ्यांनी बघूनही खरं वाटत नाही. फोनवरून यातलं काहीही झालं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की यायचंच असेल तर माणूस हिंडता-बोलता असतानाच यावं, आयसीयूतून फोन यायची वाट बघू नये. कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहावं लागतं, ते आता होणार नाही, ठरवूनच सोडलंय.

*

मी दम्मामला एसी टेक्निशियन होतो, गाव चिपळूणजवळ. बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा माझी दहा वर्षं भरायला थोडेच महिने राहिले होते. सौदीत पाच वर्षांनंतर पण दहा वर्षांच्या आत राजीनामा दिला तर सर्व्हिसचे पैसे दोन तृतीयांशच मिळतात, सगळे म्हणाले थांब. नाही थांबलो, फायनल एक्झिट घेतली, म्हणजे कायमचं परत आलो. आई एकटी बाबांना कुशीवर कशी वळवणार? दर दोन तासांनी वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेची गादी आणली तरी वळवणं सुटत नाही. काम म्हणाल तर उन्हाळ्यात एसीची कामं भरपूर, पावसाळ्यात हात रिकामे. ओढाताण आहे. पण बाबा आता डाव्या हाताने स्वतः पेज खातात.

*

मी कुठेच गेले नाही, दादा न्यूजर्सीहून परत आला, तरी लिहिते, कारण ही बाजू कुणी मांडत नाही. वडिलांना डिमेन्शिया, डोंबिवलीत मी आणि माझे मिस्टर आधीपासून सगळं बघत होतो. दादा आला तो एक्सेल शीट घेऊन, औषधांच्या वेळा, मावशींचा पगार, आहार, सगळं बदलायला निघाला, आमची रोज भांडणं. बाबांना नवीन काही चालत नाही हे त्याला सांगून पटेना. संध्याकाळ झाली की बाबा चप्पल घालून दारात, "घरी चला" म्हणत. हेच घर आहे असं समजावलं की चिडायचे. दादाने एकदा त्यांना नुसतं खाली नेलं, देवळापर्यंत जाऊन वळून आले, आणि फाटकाशी बाबा म्हणाले, "आलं घर." तेव्हापासून संध्याकाळ आणि रात्र दादाची, दिवस माझा. परत येणाऱ्यांना कळकळीने सांगते, आल्या आल्या आधी जे करतायत त्यांना विचारा की तुम्हाला कधी सुटी हवीय.

*

कागदपत्रांचं थोडं. तारीख ठरवायच्या आधीच सीएला भेटा, कारण त्या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात किती दिवस राहिलात यावर बरंच अवलंबून असतं. परत आल्यावर सुरुवातीला करासाठी आरएनओआर (रेसिडेंट, पण नेहमीचा रहिवासी नाही) असा दर्जा मिळू शकतो, तो आहे तोवर तिकडचं भाडं-व्याज साधारणपणे इथल्या करात येत नाही. एनआरई खातं (परदेशात असताना इथल्या बँकेत काढलेलं) रेसिडेंट करून घ्यावं लागतं, डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर आरएफसी, म्हणजे परकीय चलनाचं खातं. ग्रीनकार्डवाल्यांनो, वर्षाहून जास्त इथे राहणार असाल तर रीएन्ट्री परमिटचा (परत अमेरिकेत शिरायच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करा, इथून होत नाही.

माझ्या आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि घरी आली की दिवसभर गळून पडलेली असते. मी नाशिकहून रात्री अमेरिकेच्या वेळेत काम करतो, त्यामुळे रात्रीसाठी ब्युरोची मावशी ठेवायचा विचार आहे. नाशिकमध्ये कुणी ठेवली असेल तर बारा तासांचे काय घेतात, आणि आयत्या वेळी सुटी घेतली तर ब्युरो बदली देतं का, ते सांगाल का?