अंडी तळणाऱ्या आजीबद्दल थोडं अजून

वर कोणीतरी म्हटलंय की स्पॅनिश चित्रं म्हणजे राजे आणि संत, स्वयंपाकघर बघायचं तर डच लोकांकडे जा. अहो पण मग स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचं काय? स्पेनमधल्या सेव्हिल शहरात १६१८ साली त्याने 'अंडी तळणारी म्हातारी' रंगवलं तेव्हा तो जेमतेम १८-१९ वर्षांचा होता!! सध्या एडिंबराला आहे ते. मातीच्या भांड्यात अंडी नुकती पांढरी व्हायला लागलीयत, म्हातारीच्या एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्यात अजून एक अख्खं अंडं, शेजारी पोरगं दोरीने बांधलेलं खरबूज घेऊन उभं, आणि मला सगळ्यात भारी वाटते ती वाडग्यावर आडवी ठेवलेली सुरी, तिची सावली वाडग्याच्या आत कशी वाकलीय ते झूम करून बघाच. पितळी खलबत्ता पण आहे, आपल्याकडचाच वाटतो अगदी.

त्याच साली त्याने केलेलं मार्था-मेरीचं (बायबलमधल्या, येशूला घरी बोलावणाऱ्या दोन बहिणी) चित्र लंडनला आहे. त्यात येशू मागे एका छोट्या चौकटीत आणि पुढे सगळी जागा खलबत्त्यात काहीतरी कुटणाऱ्या, रडवेल्या चेहऱ्याच्या मोलकरणीला, समोर लसूण, मासे, दोन अंडी आणि एक सुकी लाल मिरची. मिरची स्पेनला अमेरिकेतून आलेली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, म्हणजे गोव्याच्या आणि सेव्हिलच्या ओट्यावर साधारण एकाच शतकात पोचली की.

अशा स्वयंपाकघरातल्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या चित्रांना तिकडे बोदेगोन म्हणतात, सांचेझ कोतान या चित्रकाराचा दोरीला टांगलेला कोबी पण त्यातलाच, पण त्या चित्रात माणूसच नाही त्यामुळे माझं मत आजीलाच.