मदत हवी आहे: पास्ता ए फाजोली या इटालियन राजमा-पास्ता सूपातला पास्ता सगळा रस पिऊन टाकतो

चौघांसाठी प्रमाण: २५० ग्रॅम सुके बोर्लोत्ती (राजम्यासारखे इटालियन दाणे; न मिळाल्यास चित्रा राजमा), १५० ग्रॅम दितालिनी (छोट्या नळ्यांचा पास्ता), १ कांदा, १ गाजर, सेलरीचा १ दांडा, रोझमेरीची काडी, १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट.

दाणे १२ तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात १० मिनिटं खळखळ उकळते (राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन निष्प्रभ व्हावं म्हणून हे टाळू नये), मग मंद आचेवर मऊ होईपर्यंत. टोमॅटो सगळ्यात शेवटी, नाहीतर आंबटपणाने दाणे चिवट राहतात. कांदा-गाजर-सेलरी ऑलिव्ह तेलात १५ मिनिटं, लाल न होऊ देता. एक तृतीयांश दाणे वाटून परत घालते. दाटपणा त्यातूनच येतो. कॉर्नफ्लोर कृपया सुचवू नका.

अडतं ते इथे. पास्ता सूपातच शिजवते, कारण वेगळा उकळला तर त्याचा स्टार्च सूपाला मिळत नाही. पण गॅस बंद केल्यावर १० मिनिटांत पार गोळा! नेपल्सला असंच घट्ट आवडतं, कबूल. मला मात्र उत्तर इटलीतल्या व्हेनेतोसारखं, पळीने वाढता येईल असं हवंय.

१५० ग्रॅम पास्त्याला वाटलेल्या दाण्यांखेरीज ७५० मिली पाणी असतं, आणि पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी गॅस बंद करते. पाणी वाढवू की पास्ता १०० ग्रॅमवर आणू? उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना नुसतं पाणी घालावं की दाण्यांचं राखून ठेवलेलं? आणि चवीसाठी सूपात टाकलेली परमेसान चीजची साल नक्की कधी काढता? शेवटपर्यंत ठेवली की मिठाचा अंदाज चुकतो.