मदत हवी आहे: 'टर्न आउट'चा नेमका अर्थ ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. भाचा यंदा बारावीला आहे. त्याच्या गाइडात हे वाक्य आलं: 'द फॅक्टरी टर्न्ड आउट फॉर्टी बेल्स, बट द कॉटन टर्न्ड आउट टु बी वेट.' पोट्टं विचारते, "मामा, एकाच वाक्यात दोनदा कायले आलं? दोन्हीचा अर्थ एकच काय?" मोबाइलमधल्या शब्दकोशात पाहिलं तर बंद करणे, हाकलणे, हजर राहणे, ठरणे, सगळंच लिहिलेलं. वरून निवडणुकीच्या बातम्यांतलं 'व्होटर टर्नआउट' आहेच. एखादी खूण सांगा. यादी नको, ती गाइडातही आहे.

प्रतिसाद: भाऊ, पुढे कर्म आहे का ते पाहा. असलं तर 'काढणे', नसलं तर 'निघणे'. फॅक्टरीनं चाळीस गाठी काढल्या, पण कापूस ओला निघाला. 'दे टर्न्ड हिम आउट' म्हणजे त्याला घराबाहेर काढलं. 'इट टर्न्ड आउट दॅट द वेल वॉज ड्राय' म्हणजे विहीर कोरडी निघाली. लोक मतदानाला निघाले, तेही यातच. फक्त नाम असलं की 'टर्नआउट' जोडून लिहायचं. दिवा तेवढा या हिशेबात बसत नाही. 'टर्न आउट द लाइट' म्हणजे दिवा बंद कर, हे सरळ पाठ करा.

पोरं हमखास चुकतात ते पुढं. सर्वनाम मधेच येते: 'टर्न इट आउट'. 'टर्न आउट इट' कधीच नाही. आणि 'निघणे' अर्थ असला की पॅसिव्ह करायचं नाही. 'द कॉटन वॉज टर्न्ड आउट टु बी वेट' लिहिलं की मार्क गेलेच समजा.

धागाकर्ता: हाव, हे जमलं बाप्पा! भाच्यानं लगेच 'द क्रॉप टर्न्ड आउट वेल' बनवलं. चालते का? अन् जिनिंगवाले 'आउटटर्न' म्हणतात, ते हेच काय?

प्रतिसाद: चालते, पीक चांगलं निघालं. 'आउटटर्न' मात्र वेगळं नाम आहे, आपण ज्याला रुईचा उतारा म्हणतो ते. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली तर आउटटर्न ३४ टक्के; बाकीची बहुतेक सरकी. बारावीच्या पेपरात ते यायचं नाही, पण कापूस विकायला जाल तेव्हा भावात त्याचाही हिशेब असते.