मदत हवी आहे: ओहायोच्या सर्जनना न्यूयॉर्कमध्ये एक दिवस ऑपरेशन शिकवायला बोलावलंय, कागद कोणता दाखवायचा?

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क राज्यात हॉस्पिटलच्या क्रेडेन्शिअलिंगचं (डॉक्टरांची कागदपत्रं, पात्रता तपासायचं) काम करणारं इथे कोणी आहे का?

मी एका टीचिंग हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक विभागात रेसिडेन्सीचं (शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचं) कामकाज बघते. डॉक्टर नाही, फायली हलवणारी. आमच्या विभागप्रमुखांनी खांद्याच्या एका नावाजलेल्या सर्जनना बोलावलंय. सकाळी लेक्चर, नंतर थिएटरमध्ये खऱ्या पेशंटवर आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून ऑपरेशन), रेसिडेंट्स शेजारी उभे. सरांचं लायसन्स फक्त ओहायोचं.

मला वाटलेलं, दोन दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळत असेल, फॉर्म भरला की झालं. दुसरा मार्ग म्हणजे न्यूयॉर्कचं पूर्ण लायसन्स काढणं. एका दिवसासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मग राज्याच्या एज्युकेशन लॉमधलं कलम ६५२६ सापडलं. (इथे डॉक्टरांचं लायसन्स शिक्षण खात्याकडे असतं, हे इतकी वर्षं इथे काम करून आत्ता कळलं!) दुसऱ्या राज्यात किंवा देशात लायसन्स असलेला डॉक्टर टीचिंग हॉस्पिटलमध्ये शिकवायला आला तर त्याला न्यूयॉर्कचं लायसन्स लागत नाही. अट अशी की काम शिकवण्यापुरतंच हवं आणि इथल्या लायसन्सधारक डॉक्टरच्या देखरेखीखाली हवं.

छान. पण सूट म्हटली की हातात कागद काहीच येत नाही, आणि आमच्या विम्याच्या माणसाला कागदच हवाय. फ्लोरिडात म्हणे अशा प्रशिक्षण कार्यक्रमांसाठी बाहेरच्या डॉक्टरांची वेगळी नोंदणी होते. इथे मी दाखवू काय, कलमाची झेरॉक्स?

दुसरी शंका. पेशंट खरा, म्हणजे हे ‘शिकवणं’ की ‘उपचार’? कायद्यात ऑपरेशन करणं हे वैद्यकीय व्यवसायाच्या व्याख्येतच आहे. मृतदेहावर प्रात्यक्षिक असतं तर हा प्रश्नच नव्हता, पण सरांना जिवंत केसच दाखवायची आहे.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज. तीन आठवडे उरलेत.

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं. सूट मिळते ती लायसन्सपासून, हॉस्पिटलच्या प्रिव्हिलेजेसपासून (त्या हॉस्पिटलमध्ये काम करायच्या परवानगीपासून) नाही. तात्पुरत्या प्रिव्हिलेजेसचा अर्ज करायचा, त्याच्या मंजुरीचं पत्र म्हणजेच तुमचा कागद. सोबत विभागप्रमुखांचं पत्र: तारीख, कोणती प्रोसिजर, देखरेख कोणाची. ओहायोच्या मेडिकल बोर्डाकडून लायसन्सची पडताळणी. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत (डॉक्टरांवरच्या दाव्यांची, कारवायांची सरकारी नोंद) चौकशी हॉस्पिटलनेच करायची असते, तात्पुरत्यांसाठीसुद्धा.

सगळ्यात जास्त वेळ सरांच्या मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठीच्या) विम्याने खाल्ला. पॉलिसी न्यूयॉर्कमधल्या कामाला लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी आणायला आम्हाला सोळा दिवस लागले. तिथूनच सुरुवात करा. आणि पेशंटच्या संमतीपत्रात पाहुण्या सर्जनचं नाव हवंच. तो तिथे का आलाय, हेही पेशंटला आधी समजावून सांगा. आमच्या रिस्क मॅनेजमेंटने एक प्रश्न तीनदा विचारला: पेशंटचा शेवटचा निर्णय कोणाचा? उत्तर ‘आमच्या डॉक्टरांचा’ असं पत्रातच लिहून ठेवा.

मूळ लेखिका

खूप आभार! विम्याचं डोक्यातच नव्हतं. सरांच्या ऑफिसला आत्ताच ईमेल टाकते. संमतीपत्राचा मसुदा तुमच्याकडे अजून असेल तर, पेशंटचं नाव-गाव काढून, विपुत (विचारपूशीत) पाठवता येईल का?