शब्दचर्चा : ‘किरणोत्सर्ग’ दवंडीत कसा सांगायचा?

सावलीकर
ग्रामपंचायतीच्या लोकांना आपत्ती प्रशिक्षणात वाटायचं एक पत्रक सोप्या मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. पूर, वीज, उष्माघात इथवर काही अडलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला उष्माघात काय समजावायचा! शेवटच्या पानावर मात्र अणु-आणीबाणी आहे आणि तिथे हे वाक्य : ‘किरणोत्सर्गी संदूषणाची शक्यता असल्यास बाधित व्यक्तींचे निःसंदूषण करून, तांत्रिक साहाय्य पथकाच्या सूचनेनुसार स्थलांतर करावे. याची रंगीत तालीम वेळोवेळी घ्यावी.’ कोतवालानं हे चौकात उभं राहून कसं म्हणायचं? एकेक शब्द फोडून द्या.

झाडीपट्टीचा प्रेक्षक
आधी ‘रंगीत तालीम’ काढा. नाटकवेड्या वडसा-ब्रह्मपुरीकडे हा शब्द ऐकला की लोक विचारतील, ‘नाटक कोणतं हाय जी? तिकीट केवढ्याचं?’ सरळ ‘सराव’ म्हणा. ‘मॉकड्रिल’ही चालतं, शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे.

पऱ्हाटी
‘तांत्रिक पथक’ पण काढा. तांत्रिक म्हणजे लिंबू-मिरची घेऊन येणारा असं समजणारी माणसं अजून आहेत, अन् त्याच्या विरोधात २०१३ पासून कायदा आहे! ‘तज्ज्ञांचं पथक’ लिहा. किंवा जो येणार त्याचंच नाव सांगा. एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) केशरी गणवेशातल्या जवानांना पुरात पाहिलेलं आहे लोकांनी.

सावलीकर
हे दोन्ही मान्य. पण खरं घोडं ‘किरणोत्सर्गी संदूषण’पाशी अडलंय.

अकोटची लेक
मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. किरण + उत्सर्ग = किरणोत्सर्ग. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणं. काटेकोर बोलायचं तर हा पदार्थाचा गुण : कोबाल्ट-६०, सिझियम-१३७ यांसारखे पदार्थ आपणहून किरण बाहेर टाकतात. जे बाहेर पडतं आणि आपल्यापर्यंत पोहोचतं ते ‘प्रारण’. विश्वकोशानं हा भेद पाळला आहे, वर्तमानपत्रांनी कधीच सोडून दिला. त्यांच्या लेखी दोन्ही किरणोत्सर्गच.

दवंडीत ‘प्रारण’ आणायला मी सांगणार नाही, ते कोणाला कळायचं नाही. पण त्यामागचा भेद हवाच, कारण माणसाच्या बाबतीत दोन निराळ्या गोष्टी घडतात. एक, त्याच्यावर किरण पडतात. दोन, किरण टाकणारी धूळ त्याच्या अंगा-कपड्याला चिकटते किंवा पोटात जाते. पहिल्या प्रकारात त्याला इजा होऊ शकते, पण त्याच्यापासून शेजाऱ्याला काही होत नाही. दुसऱ्या प्रकारात ती धूळ धुऊन काढेपर्यंत इतरांनाही लागू शकते. ‘बाधित’ हा एकच शब्द दोघांवर लादला, की गाव दोघांनाही वाळीत टाकतं.

पहिला प्रकार आपल्या शेतातच बघा. टीएयू-१ उडीद आणि टॅग-२४ भुईमूग म्हणजे ट्रॉम्बे-अकोला उडीद आणि ट्रॉम्बे-अकोला ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेले वाण. किरण देऊन जे बदल घडवले, त्यांतून निवडत निवडत असे वाण तयार होतात. कित्येक वर्षं झाली आपण ते पेरतोय, खातोय. दाणा काही किरणोत्सर्गी झाला नाही.

वैनगंगाकाठ
ताई, बोलीत पहिल्यासाठी शब्द आहे की. नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलेल्या माणसाबद्दल घरचे म्हणतात, ‘लाईट देऊन रायले’ किंवा ‘शेक देऊन रायले’. बाहेरच्या मशिनीतून शेक घेऊन आलेल्या म्हातारीजवळ नातवाला झोपू द्यावं का, हा प्रश्न मला गावात विचारला गेला आहे. द्यावं. म्हणून ‘किरण लागणे’ हे क्रियापद पहिल्यासाठी ठेवा. ऊन लागतं तसं.

सावलीकर
‘किरण लागणे’ घेतलं. आता दुसरा प्रकार, म्हणजे ‘संदूषण’?

भाऊसाहेब_तलाठी
रागावू नका, पण खेड्यात एकदम कळणारा शब्द ‘विटाळ’ आहे. शिवल्यानं लागतो, आंघोळीनं जातो. अर्थ तंतोतंत बसतो.

पऱ्हाटी
अर्थ बसतो म्हणूनच नको, भाऊसाहेब. ज्या शब्दानं माझ्या आजाला विहिरीपासून लांब ठेवलं, तो शब्द सरकारी पत्रकात अणुऊर्जेच्या अंगानं परत येणार का? विटाळ धुतल्यानं कधीच जात नव्हता, हे तर तुम्हालाही माहीत आहे.

अकोटची लेक
पऱ्हाटी यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि निव्वळ भावनेपोटी नाही. १९८७ साली ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात पडीक दवाखान्यातलं किरणोपचाराचं यंत्र भंगारात गेलं. आतली सिझियमची भुकटी अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती घरोघर वाटली, अंगाला लावली. २४९ जणांवर ती भुकटी सापडली, चौघं गेली. त्यांतल्या सहा वर्षांच्या मुलीच्या दफनाला लोकांनी दगड मारून विरोध केला. गोयानियाच्या लोकांना इतर शहरांत टाळलं जायचं. हिरोशिमातून वाचलेल्यांची लग्नं जुळत नसत. अशा वेळी लोक विटाळ पाळायला आपसूकच निघतात, त्यांना आपण शब्द पुरवायला नको.

भाऊसाहेब_तलाठी
शब्द मागे घेतो. मग काय म्हणायचं?

वैनगंगाकाठ
‘माखणे’. चिखलानं माखतो, हळदीनं माखतो, त्यात कमीपणा काही नाही आणि धुतलं की संपलं. कृतीसाठी फवारणीची भाषा वापरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून हे सांगणं बायामाणसांच्या तोंडपाठ आहे : कपडे बाहेरच काढा, साबण लावून आंघोळ करा, हात धुतल्याबिगर तोंडात काही घालू नका. धुळीलाही हेच लागू. वरचे कपडे काढले तरी ९० टक्क्यांपर्यंत धूळ निघून जाते. फरक एवढाच की कपडे धुवायचे नाहीत, पिशवीत बांधून बाजूला ठेवायचे. ‘निःसंदूषण’ म्हणजे ही धूळ काढणंच, पण तो शब्द कोणी म्हणूनही दाखवू शकणार नाही.

बॉयलर_पाच
मी वीज केंद्रात ठेकेदाराकडे आहे. तुमच्या पत्रकात मोठ्या अणुभट्टीचंच दिसतंय. विदर्भात अणुवीज केंद्र नाही, तारापूर समुद्राकाठी. मग इथं काय? इथं पाइपाच्या वेल्डिंगचा एक्स-रे काढतात तो ‘कॅमेरा’. आत इरिडियम-१९२ असतं, वायरीच्या टोकाला. तिला आम्ही पिगटेल म्हणतो. सिमेंट कारखान्यात, कोळसा धुण्याच्या वॉशरीत मोजमापाच्या यंत्रात, गेजमध्ये, असते तशीच किरण टाकणारी गोळी. हे चोरीला गेलं, हरवलं, तर जाणार कुठं? कबाड्याकडे. आणि पत्रकात ‘कॅमेरा हरवला’ लिहाल तर लोक फोटोचा समजतील अन् हटकून उचलतील.

सावलीकर
हे फार कामाचं. म्हणजे पान अणुभट्टीवरून भंगारावर न्यावं लागेल. दिल्लीत मायापुरीला २०१० साली हेच झालं होतं : विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं कोबाल्ट-६०, भंगाराच्या दुकानात फोडलं गेलं, एक कामगार दगावला.

‘स्थलांतर’ मी तसंही काढणार होतो. आमच्याकडे तो शब्द गोसेखुर्द धरणाच्या बुडीत गावांचा आणि कापसाच्या हंगामानंतर बाहेरगावी जाणाऱ्यांचा. ऐकणारा आधी मोबदला विचारेल. अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आगाऊ आराखडा असतो, आणि गाव हलवायचं की नाही ते तिथे जिल्हाधिकारी ठरवतात. तोवर दारं-खिडक्या लावून घरात थांबायचं असतं. हे आमच्या पत्रकात दोन ओळींत पुरे.

अकोटची लेक
औषध म्हणून ‘किरणोत्सर्गाची गोळी’ असं कुठे लिहिलं असेल तर खोडा. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइडला, आणि तेही किरणोत्सर्गी आयोडीनपासूनच वाचवते. तुमच्या कॅमेऱ्यातल्या इरिडियमपुढे ती निकामी. नाहीतर लोक आयोडीनचं मीठ मुठीमुठीनं खातील.

सावलीकर
मसुदा बघा :

‘ऐका हो ऐका! भंगारात, रस्त्यात, वावरात आकाराच्या मानानं फार जड असा लोखंडी डबा दिसला, नाहीतर पिवळ्या रंगावर तीन पात्यांचं चित्र दिसलं, तर हात लावू नका, फोडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, पोरांना लांब ठेवा, ११२ वर फोन करा. अंग धुळीनं माखलं असेल तर कपडे बाहेर काढून पिशवीत बांधा, साबणानं आंघोळ करा, डॉक्टरला सांगा. किरण लागलेल्या माणसाला वाळीत टाकू नका.’

बॉयलर_पाच
‘तीन पाती’ म्हटलं की पंखा वाटतो, आमच्याकडे नवीन पोरं त्याला पंखाच म्हणतात. ‘पंख्यासारखं चित्र’ करा. आणि सगळ्यात धोक्याची वस्तू डब्यातून निघालेली असते. बोटभर, चकचकीत, चित्र-बित्र काही नाही. ती आधी घ्या.

वैनगंगाकाठ
‘हात लावू नका’च्या जागी ‘उचलू नका’. अन् ‘आकाराच्या मानानं’ कोतवालाच्या तोंडी येणार नाही, ‘लहानसा पण लय वजनी’ म्हणा.